विधिपरिभाषेतील ‘दुर्बल’ आणि ‘धोक्यात असलेला’

विधिपरिभाषेतील संज्ञा केवळ नाव देत नाही. ती अधिकारांची मर्यादाही ठरविते. इंग्लंडमध्ये सन २००० मध्ये निघालेल्या शासकीय मार्गदर्शिकेत, छळापासून ज्यांचे रक्षण करावयाचे त्यांच्यासाठी ‘दुर्बल प्रौढ’ या अर्थाची संज्ञा योजिली होती. येथे दुर्बलता हा व्यक्तीचाच धर्म ठरतो. स्कॉटलंडच्या २००७ च्या अधिनियमाने तिच्याऐवजी ‘धोक्यात असलेला प्रौढ’ या अर्थाची संज्ञा स्वीकारली. तीस तीन अटी आहेत : स्वतःचे हित, मालमत्ता वा हक्क यांचे रक्षण करता न येणे, हानीचा धोका असणे, आणि अपंगत्व, आजार इत्यादींमुळे तो धोका अधिक असणे. तिन्ही एकत्र आल्याखेरीज व्याख्या लागू होत नाही. केवळ अपंगत्व पुरेसे नाही.

व्यक्तीच्या इच्छेसही या अधिनियमात स्थान आहे. तिने नकार दिल्यास न्यायालयास संरक्षणाचा आदेश देता येत नाही. मात्र तो नकार अनुचित दडपणाखाली दिल्याचे मानण्यास सबळ कारण असल्यास आणि तिच्या संमतीने दुसरा उपाय शक्य नसल्यास गोष्ट वेगळी.

मराठीत या संज्ञेसाठी ‘असहाय’ किंवा ‘दुर्बल’ असा प्रतिशब्द योजिल्यास हा भेदच लोपेल. विशेषण व्यक्तीस चिकटून राहते; धोका मात्र दूर करता येतो.