मॅगव्हीलवरचा तो छोटा आकडा

गेल्या दिवाळीत पुतण्याने सेकंडहँड स्विफ्टला मॅगव्हील बसवून आणली. गाडी दिसत होती झकास. आठच दिवसांनी आम्ही पाचजण सामानासकट आंबोली घाट उतरत होतो आणि जळक्या रबराचा वास आला. खाली उतरून पाहिलं, तर मडगार्डच्या पत्र्याने मागच्या टायरच्या कडेवर गोल चर पाडली होती.

टायरचं माप मात्र चुकलेलं नव्हतं. जुना टायर १६५/८० आर १४, नवा १८५/६५ आर १५. गणित करून पाहा. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची, शेवटचा डिस्कचा व्यास इंचांत. जुन्याची एकूण उंची ६२० मिलिमीटरच्या आसपास, नव्याची ६२१. म्हणजे स्पीडोमीटरही खोटं बोलणार नाही. दुकानदाराने एवढं बघितलं आणि थांबला.

राहिला तो ऑफसेट. चाकावर 'ईटी' असं लिहून पुढे आकडा असतो, ही अक्षरं जर्मन शब्दावरून आली आहेत. चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य धरा. हबला टेकणारी बैठक त्या मध्यापासून बाहेरच्या अंगाला किती मिलिमीटर आहे, तो हा आकडा. आकडा मोठा, तर चाक आत बसतं. लहान, तर बाहेर येतं.

सोपे आकडे घेऊ. साडेपाच इंच रुंद, ऑफसेट ४५ असलेल्या चाकाच्या जागी साडेसहा इंची, ऑफसेट ३५ चं बसवलं. एक इंच वाढला, त्यातला अर्धा, म्हणजे १३ मिलिमीटर, बाहेरच्या बाजूला. ऑफसेटचे १० त्यात मिळवा. चाकाची कड २३ मिलिमीटर बाहेर आली! रिकाम्या गाडीत कळत नाही. मागे तीन माणसं बसली, गाडी दबली, की पत्रा टायरला भेटतो.

घासणं निदान कळतं तरी. बेअरिंगचं दुखणं उशिरा कळतं. भरलेली घागर कमरेला टेकवून धरा आणि तीच हात लांब करून धरा. बेअरिंगचं तसंच होतं. पुढचं चाक बाहेर आलं, तर खड्ड्यात स्टिअरिंगही हातातून ओढलं जातं. यावर कुणी स्पेसर सुचवला तर हात जोडा. तो चाक आणखी बाहेरच ढकलतो.

बोल्टची भोकं जुळली, मधलं भोक हबवर घट्ट बसलं, एवढ्यावर पैसे देऊ नका. आधी जुन्या डिस्कवरचा ऑफसेट वाचा, मग नव्या चाकावरचा. चाकं चढवून मागे तीन माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि फटीत बोटं घालून पाहा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ही उत्पादकाच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करू देत नाही, हेही ध्यानात असू द्या.

पुतण्याने जुन्या डिस्क परत चढवल्या. मॅगव्हील माळ्यावर आहेत. विकायला निघाला होता. मी म्हटलं, घेणाऱ्याला आधी आकडा वाचून दाखव.