दख्खनी लोकर आणि आजचं घर

पट्टणकोडोलीच्या बिरदेव यात्रेत भंडारा आणि खारीक-खोबऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. देवाच्या अंगणात मान असलेल्या या लोकरीला बाजारात मात्र भाव नाही. दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. पण कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त पडू लागल्याने धनगर अनेक ठिकाणी ढीग तसाच टाकून पुढे निघतो. पैसा आता मटणात आहे. माडग्याळ मेंढीला मागणी आहे आणि तिच्या अंगावर लोकर नावापुरतीच असते.

माझ्या मते मूळ चूक पारखण्यात झाली. गिरण्यांनी लोकर जोखली ती अंगावरच्या कपड्यासाठी. मेरिनोच्या मऊ तंतूपुढे दख्खनीचा तंतू जाड, केसाळ आणि काळा, म्हणून रंगही न चढणारा. स्वेटरला हे दोषच आहेत. जमिनीवर अंथरायचं असेल तर मात्र हाच जाड तंतू पायाखाली दबून पुन्हा उभा राहतो आणि वर्षानुवर्षं झिजत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्के ओल शोषते, तरी हाताला कोरडी लागते. ती सहजी पेटत नाही आणि पेटलीच तर ज्योत बाजूला होताच बहुधा विझते. घराला आणखी काय हवं?

सनगर विणकरांच्या खड्ड्यातल्या मागावर घोंगडी विणली जाते. ताण्याला चिंचोक्याची खळ कुंच्याने लावतात, म्हणून नवी घोंगडी ताठ असते आणि वापराने सैलावते. कोकराच्या पहिल्या कातरणीचं जावळ सगळ्यांत मऊ. उशीच्या अभ्र्यासाठी तेच वापरावं.

जेन, म्हणजे लोकर दाबून घट्ट केलेला जाड पट, मात्र विणत नाहीत. पिंजलेली लोकर थराथरांनी पसरायची, कोमट साबणाचं पाणी शिंपडायचं, गुंडाळी करून दाबत लोळवत राहायचं. तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि पट आटत आटत घट्ट होतो. आकार आखताना हे आटणं आधीच धरावं लागतं. नीट बसलेल्या जेनाची कापलेली कड उसवत नाही, त्यामुळे शिवण टाळता येते. साच्यावर बसवला तर वाडगे, टोपल्या, दिव्याची झाकणंही घडतात. भिंतीवर लावला तर खोलीतला घुमारा कमी होतो. घरगुती वस्तूंसाठी मला जेनातच सर्वाधिक वाव दिसतो.

काळा, तपकिरी, करडा, पांढरा हे कळपातच मिळणारे रंग पुरेसे आहेत. ब्लीच करून त्यावर गुलाबी चढवण्याचा अट्टहास मला पटत नाही. त्यात तंतूही कमजोर होतो. वापरणाऱ्याला मात्र खरं सांगावं: सुरुवातीला केस गळतात, पावसाळ्यात मेंढीचा वास येतो, बंद कपाटात कसर लागते. अधूनमधून ऊन दाखवणं हाच उपाय.

सुरेश एरियत यांच्या ‘देसी ऊन’ या ॲनिमेशनपटाला 2025 मध्ये फ्रान्समधल्या ॲनेसी महोत्सवात ज्युरी पुरस्कार मिळाला. खऱ्या लोकरीतून घडवलेल्या त्या चित्रांनी हा विषय शहरांपर्यंत नेला. पण दिवाणखान्यातला गालिचा महाग विकला म्हणून धनगराच्या हाती आपोआप काही पडत नाही. कातरणीच्या जागीच रंगानुसार, लांबीनुसार लोकर वेगळी करून तिथेच वजनावर रोख पैसे द्यायला हवेत. मिसळलेली, काट्याकुट्यांनी भरलेली लोकर साफ करण्यात कारागिराचा दिवस जातो, आणि तो खर्च शेवटी मेंढपाळाच्याच भावातून कापला जातो.