नळ्यांच्या मधोमध

१२० माकडं आणि प्रत्येकाला एकच संधी. अलेक्झांड्रा रोझाटी आणि लॉरी सांतोस यांचा २०१६ सालचा शोधनिबंध वाचताना मी या आकड्यापाशी थांबले. प्रयोगशाळेत एकाच माकडाकडून एकच कृती पुन्हा पुन्हा करून घेतात. इथे मात्र तालीम नव्हती, दुसरी फेरी नव्हती. प्रश्न मोठा होता: आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही, हे माकडाला कळतं का? आणि कळलं, तर ती ठाऊक करून घ्यायला ते जातं का? असं काम चालतं कसं, हे पाहायचंच होतं, म्हणून तो प्रयोग जिथे झाला त्या कायो सांतियागोला मी गेले.

प्वेर्तो रिकोच्या पूर्व किनाऱ्याजवळचं हे जेमतेम १५ हेक्टरांचं बेट. १९३८ साली क्लॅरेन्स कार्पेंटर यांनी भारतातून जहाजाने ऱ्हीसस माकडं आणली आणि त्यातली ४०९ इथे सोडली. आपल्या सह्याद्रीतल्या लाल तोंडाच्या माकडांचे हे उत्तरेकडचे भाऊबंद. आज बेटावर असलेली सगळी माकडं त्या ४०९ चीच संतती. होडीतून उतरलं की आधी नाकात शिरतो तो वास: विष्ठा, समुद्राचा खारेपणा आणि माकडांना घालतात त्या कोरड्या खाद्याचा. नियम थोडे आहेत पण कडक. माकडाच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही. खायचं ते जाळीच्या खोलीत बसून. बाहेर वावरायचा हक्क माकडांचा.

मी ज्यांच्यामागे फिरले त्या दोघी तरुण संशोधक. एकीकडे कॅमेरा, दुसरीकडे नळ्या आणि आडोशाची फळी. त्या रोझाटी-सांतोस यांच्याच धाटणीची मांडणी वापरत होत्या. दोन नळ्या जमिनीवर अशा ठेवायच्या की त्यांची एकेक टोकं माकडाच्या बाजूला जुळतील आणि दुसरी टोकं फाकलेली राहतील. फळ एका नळीत जातं. माकडाने ते जाताना पाहिलं असेल, तर त्याने सरळ त्या बाजूला जावं. आडोशामुळे पाहता आलं नसेल, तर दोन वाटा उरतात: अंदाजाने एक बाजू धरायची, नाहीतर आधी मधोमध येऊन वाकायचं. तिथून दोन्ही नळ्यांच्या आत दिसतं.

ऐकायला सोपं वाटतं. पण एकटं, शांत बसलेलं माकड सापडायला हवं. सप्टेंबर २०१७ च्या मारिया चक्रीवादळाने बेटावरची बरीच झाडं गेली. सावली आटली, आणि उरलेल्या सावलीत माकडं आता दाटीवाटीने, एकमेकांना सांभाळून घेत बसतात. माकडांसाठी ते चांगलंच, पण त्यातून एखादं एकटं गाठणं अवघड. गाठलं तरी नळ्या मांडेपर्यंत मागून एखादा वरचढ नर येतो आणि समोरचं माकड मुकाट्याने उठून जातं. तो प्रयोग तिथेच संपतो. फळी धरणारी मुलगी अशा वेळी सामान आवरायची आणि पुढे चालू लागायची. "१२० म्हणजे पूर्ण झालेले," ती म्हणाली. "उठून गेलेली माकडं त्यात नसतात."

मग एक मादी सापडली. कानाला खाच, छातीवर गोंदलेला क्रमांक पुसट झालेला. फळी आडवी आली, फळ आत गेलं, फळी बाजूला झाली. मुलीने मान खाली घातली, म्हणजे तिच्या नजरेवरून काही कळू नये. मादी थोडी थांबली, पुढे आली, आणि दोन्ही हात जमिनीला टेकून नळ्या जुळतात तिथे वाकली. आत पाहिलं. मग न अडखळता डावीकडे गेली आणि फळ घेऊन निघून गेली. एवढंच. त्या एका वाकण्यापाशी माझं मन अजून जातं.

असे पुरावे रोझाटी-सांतोस यांच्या आधीही होते. रॉबर्ट हॅम्प्टन यांनी २००१ मध्ये माकडांना परीक्षा नाकारायची मुभा दिली. उत्तर बरोबर आलं तर शेंगदाणा. परीक्षाच नाकारली तर खात्रीचं, पण कमी आवडीचं खाणं. आपणहून परीक्षा दिली तेव्हा उत्तरं जास्त बरोबर आली, सक्तीने दिली तेव्हा कमी. २००४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर चार नळ्यांचा प्रयोग केला. फळ ठेवताना दिसलं असेल तर बहुतेक माकडं न डोकावताच निवड करत. दिसलं नसेल तर बऱ्याचदा आधी डोकावून बघत.

यावर आक्षेप आहे, आणि तो गंभीर आहे. सरावाने कुठलीही सवय लागते. खाणं दिसेना की माकड सहज शोधायला लागतं, त्यात स्वतःच्या अज्ञानाची जाणीव कुठे? म्हणूनच १२० माकडं आणि एकच संधी. सवय जडायला वावच नाही. शिवाय मधोमध जाऊनही काही दिसणार नाही अशी मांडणी केली, तेव्हा माकडं तिकडे क्वचितच वळली. नुसती चुळबुळ असती, तर ती तेव्हाही दिसली असती.

मला हे पटतं. माकड आपल्यासारखं स्वतःशी विचार करतं, असा याचा अर्थ नाही. पण "मला माहीत नाही" आणि "मग आधी बघते" या दोन पायऱ्या भाषेशिवाय चढता येतात, एवढं नक्की. रानात पोट भरणाऱ्या जिवाला त्या लागणारच: प्रत्येक पोकळीत डोकावायला वेळ नसतो, आणि न बघता हात घालणं महागात पडतं. शिकवून घेतलेल्या हजार उत्तरांपेक्षा मनात आलं तर उठून जाऊ शकणाऱ्या माकडाचं एकच उत्तर मला मोलाचं वाटतं. ते मिळवायचं तर मोकळी माकडं हवीत, आणि त्यांना मोकळं ठेवणारं हे बेट पुन्हा सावलीचं व्हायला हवं.