रिफर्बिश्ड लॅपटॉप घेताय? किमतीआधी ‘जनरेशन’ बघा

मुलीला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली, की घरात पुढचा विषय निघतो लॅपटॉपचा. नवा घ्यायचा तर बजेट कोलमडतं. मग कुणीतरी सुचवतं, “लॅमिंग्टन रोडला जा, रिफर्बिश्ड आय5 स्वस्तात मिळेल.” मिळतोही. पण फक्त ‘आय5’ ऐकून पैसे मोजले, तर स्वस्त लॅपटॉप महागात पडू शकतो. कसा, तेच समजून घेऊ.

हे लॅपटॉप येतात कुठून?

अनेक मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात. जुने लॉटमध्ये विकले जातात. विक्रेते त्यातला डेटा पुसतात, बिघडलेले पार्ट बदलतात, तपासणी करून वॉरंटीसह विकतात. हा झाला रिफर्बिश्ड. काहीही न करता पुढे विकला, तर तो नुसता सेकंड हँड. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही नावं या बाजारात जास्त दिसतात, कारण या सीरिज मुळात ऑफिसच्या वापरासाठीच बनतात.

खरी मेख कुठे आहे?

मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट थांबवला. विंडोज 11 साठी इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 लागतं. म्हणजे सहाव्या-सातव्या जनरेशनचा लॅपटॉप चालेल, पण नेहमीचे सिक्युरिटी अपडेट मिळणार नाहीत. काही दुकानदार जुगाड करून त्यात विंडोज 11 टाकून देतात. मात्र अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

जनरेशन ओळखायचं कसं?

प्रोसेसरचं पूर्ण नाव विचारा. आय5-7300यू म्हणजे सातवं, आय5-8350यू म्हणजे आठवं जनरेशन. आकडा 1 ने सुरू होत असेल, तर पहिले दोन अंक बघा. आय5-10310यू दहावं, आय5-1135जी7 अकरावं. पाटी चारहींवर ‘आय5’चीच!

पैसे देण्याआधी एवढं तपासा

बॅटरी : विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी’ कमांडने बॅटरी रिपोर्ट निघतो. मूळ क्षमता 50,000 आणि आताची 30,000 दिसली, तर बॅटरी 60 टक्केच उरली आहे. नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरा.

लॉक : लॅपटॉप समोर रीसेट करायला सांगा. इंटरनेट जोडल्यावर सेटअपमध्ये एखाद्या कंपनीचं नाव आलं किंवा बायोसला पासवर्ड असला, तर घेऊ नका.

स्टोरेज : हार्ड डिस्क नको, एसएसडी हवी.

बिल : सीरियल नंबर असलेलं जीएसटी बिल आणि वॉरंटी लेखी घ्या. पुढे वाद झालाच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते आणि तिथे हे बिलच कामाला येतं.

मग जुनं जनरेशन घ्यायचंच नाही का?

लिनक्स वापरता येत असेल, तर सातवं जनरेशनही चालून जाईल. पण कॉलेजचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालणारं असेल, तर आठव्याच्या खाली जाऊ नका. डिग्री चार वर्षांची आहे. लॅपटॉप दुसऱ्याच वर्षी बदलावा लागला, तर बचत झालीच नाही.