विश्लेषण : ‘स्टेनलेस’ फूड ट्रेलरला गंज का चढतो? बाहेरून धुताना नेमके काय चुकते?

पावसाळा सरला की अलिबाग, मांडवा, काशीदच्या रस्त्यांवर ताडपत्रीखाली झाकून ठेवलेले फूड ट्रेलर पुन्हा बाहेर निघतात. दिवाळीची सुट्टी ते मे अखेर, एवढाच कमाईचा काळ. पण ताडपत्री काढल्यावर अनेकांना ‘स्टेनलेस’ म्हणून पैसे मोजलेल्या पत्र्यावर तपकिरी ठिपके दिसतात. कॉलेजमधला एक मित्र आयटीतली नोकरी सोडून अलिबागजवळ असाच ट्रेलर चालवतो. त्याचा प्रश्न मजेशीर होता. जी बाजू चार महिने उघड्यावर पावसात भिजली ती चकचकीत आणि जी नीट झाकून ठेवली तीच गंजली, असे कसे? कर्जाचे हप्ते सुरू असल्याने त्याला स्वतःला त्यात मजा वाटत नव्हती.

झाकलेली बाजूच का गंजते?

स्टेनलेस स्टील गंजत नाही, कारण त्यातील क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो. ओरखडा पडला तरी हा थर आपोआप पुन्हा बनतो. त्याचा मोठा शत्रू म्हणजे क्लोराइड. समुद्राच्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात, पत्र्यावर बसतात आणि दमट हवेतील ओलावा ओढून घेतात. त्या खारट थेंबाखाली थर फुटतो आणि टाचणीच्या टोकाएवढी भोके पडू लागतात.

उघड्या बाजूवरचे मीठ पाऊस धुऊन नेतो. ताडपत्रीखाली, छताच्या कडेखाली, खिडकीच्या वर उचलायच्या फळीखाली, मेन्यू बोर्डामागे पाऊस पोहोचत नाही. मीठ आणि दमटपणा मात्र पोहोचतो. म्हणून किनाऱ्यावर आडोशाची जागा आधी गंजते. ट्रेलर झाकून ठेवायचाच असेल, तर आधी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, पूर्ण वाळवावा आणि ताडपत्री पत्र्याला चिकटणार नाही अशी थोडी अंतरावर ताणावी. हंगामात आठवड्यातून एकदा या आडोशाच्या जागा साध्या पाण्याने धुतल्या तरी मोठा फरक पडतो.

३०४ की २०२?

दुसरे कारण बाजारातले. ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ मध्ये महाग निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते. नवा असताना दोन्ही पत्रे सारखेच चमकतात, पण खाऱ्या हवेत २०२ लवकर हार मानतो. मित्राला ३०४ सांगून २०२ लावून दिला होता. ‘चुंबक चिकटले नाही म्हणजे ३०४’ ही समजूत चुकीची आहे. २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही. पत्राविक्रेते आणि भंगारवाले यासाठी एक द्रावण वापरतात. पत्र्यावर थेंब टाकून छोट्या बॅटरीचा प्रवाह दिला की रंगावरून मँगनीज ओळखता येते. अगदी समुद्राला लागून धंदा असेल तर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेला ३१६ अधिक टिकतो, पण तो बराच महाग पडतो.

वेल्डिंगच्या कडेला दिसणारा निळसर-तपकिरी पट्टा हीसुद्धा कमकुवत जागा. तिथला संरक्षक थर उष्णतेने बिघडलेला असतो. तो पट्टा फॅब्रिकेटरने पिकलिंग पेस्ट लावून साफ करून द्यायला हवा. घाईच्या कामात हेच राहून जाते.

घासताना काय टाळावे?

तारेची घासणी पहिली. तिचे लोखंडी कण पत्र्यावर अडकतात आणि तेच गंजतात. माणसाला वाटते पत्रा गंजला. मऊ कापड किंवा नायलॉनचा स्पंज घ्यावा आणि पत्र्यावरच्या बारीक रेषांच्या दिशेनेच घासावे. दुसरे, ब्लीच आणि स्वच्छतागृहासाठीचे अ‍ॅसिड. दोन्हींत क्लोरीनची संयुगे आहेत आणि पत्र्यासाठी दोन्ही वाईट. ही दोन एकत्र केली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, म्हणजे प्रश्न पत्र्यापुरता राहत नाही. बाहेरचे पॅनेल अ‍ॅल्युमिनियमचे असतील तर कॉस्टिक सोडा असलेली तेल-काढणी द्रव्ये वापरू नयेत. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातो.

तेलकट ओघळ ताजे असताना कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने निघतात. तेच आठवडाभर राहिले, की उष्णतेने आणि हवेने तेलाचे रेणू एकमेकांत गुंफून वार्निशसारखा चिवट थर होतो. जुन्या कढईचा काळपटपणा आठवा. म्हणून रोज रात्री दहा मिनिटे पुसणे हे महिन्याने दोन तास घासण्यापेक्षा स्वस्त. साबण खालून वर लावावा, म्हणजे कोरड्या भागावर ओघळांचे डाग पडत नाहीत. धुताना मात्र वरून खाली. भर उन्हात धुऊ नये, साबण जागीच सुकतो. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग कॅल्शियमच्या क्षारांचे असतात. पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने ते जातात, पण नंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडे पुसायला हवे.

एक्झॉस्टच्या तोंडाभोवतीची चिकट काजळी नुसती कुरूप नसते, ती इंधन असते. त्यात बाहेरून एसीपी लावले असेल तर जास्त काळजी. एसीपी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ थरांमध्ये बहुतेक वेळा पॉलिथिलीन, आणि ते जळते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ मध्ये लागलेली आग याच प्रकारच्या आवरणामुळे बाहेरून पसरली होती. एक्झॉस्टभोवती साधा धातूचा पत्राच असावा.

प्रेशर वॉशर वापरावा का?

वापरावा, पण रुंद फवाऱ्याने आणि किमान फूटभर अंतरावरून. विनाइल स्टिकरच्या कडेवर जवळून मारा केला की ते सुटते. त्याहून वाईट म्हणजे रिव्हेटच्या ओळी, खिडकीची रबरे आणि छताचे सांधे. तिथून पाणी दोन पत्र्यांमधल्या प्लायमध्ये शिरते आणि बाहेरून काही न दिसता प्लाय कुजतो. सांधे भरायला व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन बरेच जण वापरतात. तो वास अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा असतो आणि त्याने धातूला गंज लागू शकतो. दुकानात ‘न्यूट्रल’ सिलिकॉन मागावे.

धुताना मुंग्या येतात, म्हणजे काय?

या लेखातला सर्वात गंभीर भाग हा. ‘धुताना पत्र्याला हात लागला की जरा झिणझिण्या येतात,’ असे मित्राने सहज सांगितले आणि आमची गंजाची चर्चा तिथेच थांबली. ट्रेलर रबरी टायरवर उभा असतो, जॅकखाली लाकडी ठोकळे असतात. अर्थिंगची तार जोडलेली नसेल तर फ्रीजमधून किंवा एखाद्या सोललेल्या वायरमधून गळणारा प्रवाह पत्र्यावरच थांबतो. ओल्या जमिनीवर उभ्या माणसाने पत्र्याला हात लावला की त्याला जमिनीकडे वाट मिळते. एवढ्याशा गळतीने एमसीबी पडत नाही, कारण तो जास्त भार आणि शॉर्ट सर्किटसाठी असतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग लागते. झिणझिण्या जाणवल्या तर धुणे थांबवावे, ट्रेलरला हात न लावता बाहेरचा पुरवठा तोडावा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावे. एरवीही धुण्याआधी प्लग काढायचा, हे पाण्याची बादली भरण्याआधीचे काम.

खाली, तळाशी काय पाहावे?

सिलिंडरच्या कप्प्यातली खालची जाळी चिखल-तेलाने बुजलेली नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालूनच बाहेर जायला हवा. चॅसीचे लोखंड साधे असते. चिखल काढून, गंज खरवडून, प्रायमर आणि रंग द्यावा. पाणी निथळण्याची भोके मोकळी ठेवावीत. टायर कमी फिरतात म्हणून झिजत नाहीत, पण उन्हाने बाजूंना चिरतात. बाजूवरचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात : २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. मागचे लाल रिफ्लेक्टर आणि नंबर प्लेट पुसणे तर फुकटचे काम.

नियम काय सांगतात?

अन्नसुरक्षा परवान्याच्या २०११ च्या नियमावलीतील चौथ्या परिशिष्टानुसार विक्रीच्या गाडीचे अन्नाशी किंवा भांड्यांशी संपर्कात येणारे पृष्ठभाग भक्कम आणि गंजरोधक असावेत, कामाचा ओटा जमिनीपासून किमान ६० ते ७० सेंटिमीटर उंच असावा आणि वापरात नसलेली गाडी स्वच्छ जागी, नीट संरक्षित ठेवावी.

मित्राच्या ट्रेलरला आता अर्थिंग आणि आरसीसीबी बसला आहे. गंजलेल्या बाजूचा पत्रा बदलायला दिला आहे. या वेळी थेंबाची चाचणी त्याने दुकानातच करून घेतली आणि बिलावर ग्रेड लिहून घेतली.