कर्ज देताना बँक पैसे आणते कुठून?

परदेशात घर घेतले, की पंचवीस-तीस वर्षांचे कर्ज मागे लागते. पण बँकेने एवढे पैसे कुठून आणले? एकाने ठेव ठेवली, तीच बँकेने दुसऱ्याला दिली, असे आपण शाळेत शिकलो.

रिचर्ड वेर्नर या अर्थशास्त्रज्ञाने हे चक्क प्रयोग करून तपासले. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांनी जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातल्या एका लहान सहकारी बँकेकडून २ लाख युरो कर्ज घेतले आणि बँकेचे हिशेब पाहिले. कर्ज देण्यासाठी कुणाच्याही ठेवीतून पैसे वळते केलेले नव्हते. फक्त दोन नोंदी झाल्या होत्या: 'वेर्नर यांच्याकडून येणे २ लाख' आणि 'वेर्नर यांच्या खात्यात जमा २ लाख'. म्हणजे कर्ज आणि पैसा एकाच क्षणी जन्मले. २०१४ मध्ये बँक ऑफ इंग्लंडनेही आपल्या नियतकालिकात हेच सांगितले. ब्रिटनमधल्या एकूण पैशापैकी तेव्हा ९७ टक्के पैसा बँकांतल्या ठेवींच्या रूपात होता; नोटा आणि नाणी जेमतेम ३ टक्के.

मग बँक हवा तेवढा पैसा निर्माण करू शकते का? नाही. कर्जदाराने घरमालकाला पैसे दिले, की ते बहुधा दुसऱ्या बँकेत जातात आणि त्या बँकेचे देणे चुकवावे लागते. कर्ज बुडाले तर तोटा बँकेच्या भांडवलातून जातो. शिवाय मध्यवर्ती बँकेचे व्याजदर आणि नियम आहेतच. आणि आपण मुद्दल फेडले, की तेवढा पैसा नाहीसा होतो!

ही व्यवस्था अनेकांना खटकते. सरकारची चलनावरची मक्तेदारी मोडा, खाजगी चलनांची स्पर्धा होऊ द्या, असे मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते फ्रीडरिश हायेक यांनी १९७६ मध्येच मांडले होते. २००८ च्या आर्थिक संकटानंतर बिटकॉइन आले. ३ जानेवारी २००९ च्या त्याच्या पहिल्या ब्लॉकमध्ये लंडनच्या 'द टाइम्स'मधला बँकांना वाचवण्याविषयीचा मथळा कोरलेला आहे. बिटकॉइनची संख्या २.१ कोटींपलीकडे जाणार नाही, अशी त्याची रचना आहे.

पण नाण्यांना मर्यादा घातली म्हणून उधारीला मर्यादा येत नाही. समजा, तुम्ही एक बिटकॉइन व्याजाने एका कंपनीत ठेवले आणि तिने ते दुसऱ्याला कर्जाऊ दिले. तुमच्या फोनवर एक दिसते, त्याच्याकडेही एक आहे. नाणे एकच, हक्क सांगणारे दोघे!

अमेरिकेतल्या सेल्सियस कंपनीचे असेच झाले. जून २०२२ मध्ये तिने ग्राहकांचे पैसे काढणे बंद केले आणि जुलैमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ठरवले, की व्याजाच्या खात्यांत ठेवलेली नाणी कंपनीच्या मालकीची होती. लाखो ग्राहकांना तेव्हा कळले, की आपण नाण्यांचे मालक नव्हतो. आपण कंपनीला विनातारण कर्ज दिले होते. अमेरिकन बँकेतल्या ठेवीला २.५ लाख डॉलरपर्यंत विम्याचे संरक्षण असते. इथे तेही नव्हते.

म्हणून कुणी घसघशीत व्याज देऊ केले, तर चलन कुठलेही असो, आधी दोन गोष्टी विचाराव्यात: माझे पैसे पुढे कुणाला उधार दिले जाणार, आणि त्याने बुडवले तर भरून कोण देणार?