वीज आणि कायदा

विजेचे नाव निघताच विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे फॅरेडे व एडिसन उभे राहतात. वकील कोणासच आठवत नाही. परंतु वीज निर्माण करणे हे एक कार्य, आणि ती न्याय्य रीतीने घरोघर पोचविणे हे दुसरे. हे दुसरे कार्य कायद्यावाचून सिद्धीस जात नाही, हेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ साली लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि पुढे मुंबईस वकिली करू लागले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे व वीज हे विषयही त्याच खात्याकडे होते. उद्योगधंद्यांवाचून दारिद्र्य हटणार नाही, आणि स्वस्त व मुबलक विजेवाचून उद्योगधंदे वाढणार नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९४४ साली मध्यवर्ती तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. पुढे ते स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री असताना १९४८ चा वीजपुरवठा कायदा संमत झाला, आणि राज्याराज्यांतील वीज मंडळांचा पाया घातला गेला.

ज्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, तिच्या सातव्या अनुसूचीत एक लक्षणीय भेद आढळतो. वीज समवर्ती सूचीत आहे. म्हणजे तिच्याविषयी केंद्र व राज्य या दोघांनाही कायदे करता येतात. अणुऊर्जा मात्र केवळ संघसूचीत आहे. ज्या द्रव्यांच्या बळावर दिवे उजळतात, त्यांतूनच संहारक अस्त्रही घडू शकते. अशा शक्तीची जबाबदारी अनेकांत विभागणे हितावह नव्हे.

आपल्या आदिलाबादेतही विजेचे दर कंपनीच्या मर्जीने ठरत नाहीत. २००३ च्या वीज कायद्यानुसार ते राज्याचा वीज नियामक आयोग ठरवितो. तत्पूर्वी कंपनीस दरांचा प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो, आणि त्यावर कोणाही नागरिकास हरकत नोंदविता येते. हैदराबादच्या कारखानदारास जो अधिकार, तोच पैनगंगेकाठच्या कुणब्यासही आहे.

विद्यार्थिमित्रहो, वर्गात आम्ही अर्जलेखन शिकवितो, तेव्हा तुम्ही त्याकडे पाच गुणांचा प्रश्न म्हणून पाहता. परंतु हरकतीचा अर्ज लिहिणारा गावात कोणी नसेल, तर कायद्याने दिलेला अधिकार कायद्याच्या पुस्तकातच पडून राहील.